नव्या चित्रपटांतले व्हीएफएक्स जुन्यांपेक्षा खोटे का दिसतात?

मागची रांग

मोठ्या खर्चाचे नवे चित्रपट पाहताना एक गोष्ट मला सतत खटकते आहे: त्यांतले व्हीएफएक्स, म्हणजे चित्रीकरणानंतर संगणकावर घडवलेले दृश्यपरिणाम, जुन्यांपेक्षा खोटे दिसतात. ती माझ्या वयाची खोड आहे की खरोखरच तसे घडते आहे, हे या क्षेत्रातल्या मंडळींकडून समजून घ्यावे म्हणून हा धागा काढतो आहे.

‘जुरासिक पार्क’ १९९३ सालचा. त्या वेळचे संगणक आजच्या साध्या मोबाइलच्याही पासंगाला पुरणार नाहीत. तरीही पावसात कुंपणाच्या तारा तोडून बाहेर येणारा टी-रेक्स आजही अंगावर येतो. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या २००६ सालच्या दुसऱ्या भागातला, दाढीच्या जागी ऑक्टोपसचे पाय वळवळणारा डेव्ही जोन्स मी नुकताच घरच्या मोठ्या टीव्हीवर पाहिला आणि त्याच्या ओल्या कातडीवर कुठे बोट ठेवावे हे मला सापडले नाही. याउलट चर्चगेटच्या इरॉसमध्ये, आयमॅक्सच्या पडद्यावर अलीकडे पाहिलेल्या एका चित्रपटाच्या शेवटच्या अर्ध्या तासात राखाडी-जांभळ्या आभाळाखाली दोन आकृत्या एकमेकींना इमारतींवर आपटत होत्या, आणि माझे लक्ष नायिकेच्या केसांभोवतीच्या पुसट कडेकडे जात होते. तिकिटाचे पैसे वाया गेले याचे दुःख नाही, पण पैसे कमी पडले म्हणावे तर श्रेयनामावलीत नावांची रांग संपता संपत नव्हती.

त्या रांगेत मराठी आडनावेही पुष्कळ होती. व्हीएफएक्सचे काम मालाड, गोरेगाव, अंधेरी भागातल्या स्टुडिओंमध्ये मोठ्या प्रमाणावर होते, असे ऐकून आहे. ‘स्वस्तातले काम बाहेर दिले की असेच होणार’ असा शेराही मी परदेशी समीक्षांमध्ये वाचला आहे. त्यात तथ्य किती? आत काम करणाऱ्या कोणी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

कॉम्पवाला

आपला प्रश्न आमच्या कँटीनमध्ये दर आठवड्याला चघळला जातो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी गोरेगावच्या एका स्टुडिओत कंपोझिटिंग करतो. चित्रीकरणातून आलेली प्लेट (मूळ चित्रण), संगणकावर घडवलेले पात्र, रंगवलेले आभाळ, धूर, धूळ हे सगळे थर एकमेकांत असे मिसळायचे की सांधा दिसू नये, हे आमचे काम. त्यामुळे आपल्याला दिसलेली केसांभोवतीची कड ही माझ्याच खात्यावर जमा होते.

माझ्या मते साधनांत कुठलीही कमतरता नाही. प्रकाश, गती, कातडी, पाणी यांची गणिते वीस वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी अचूक झाली आहेत. बदलला आहे तो निर्णयाचा क्षण. पूर्वी जो निर्णय कॅमेरा चालू होण्याआधी घ्यावाच लागे, तो आता प्रदर्शनाच्या तोंडावरही बदलता येतो, आणि बदलता येतो म्हणून बदलला जातो. ‘पोस्टमध्ये बघू’, म्हणजे चित्रीकरणानंतर दुरुस्त करू, हे वाक्य सेटवर जितक्या सहजपणे उच्चारले जाते तितकीच त्याची किंमत पुढे वाढत जाते.

‘जुरासिक पार्क’चेच घ्या. दोन तासांहून मोठ्या त्या चित्रपटात डायनासोर पडद्यावर जेमतेम पंधरा मिनिटे आहेत आणि त्यांतली संगणकावर केलेली दृश्ये पाच-सहा मिनिटांचीच आहेत. बाकी वेळ स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने बनवलेले यांत्रिक प्राणी काम करत होते. टी-रेक्स तर पूर्ण आकाराचा होता; पावसात त्याची रबरी कातडी पाणी शोषून जड व्हायची आणि तो थरथरू लागायचा, म्हणून दोन टेकमध्ये त्याला पुसून कोरडा करावा लागत असे. याचा फायदा असा की संगणकावर तोच प्राणी घडवणाऱ्यांसमोर खरा ओला टी-रेक्स, खऱ्या दिव्यांखाली, शेजारच्याच शॉटमध्ये उभा होता. त्याच्या नाकपुडीवर दिव्याचे प्रतिबिंब कसे पडते, याविषयी अंदाज बांधायची गरज नव्हती. शिवाय रात्र आणि पाऊस दोन्ही हाताशी होते, आणि प्राणी कुठून येणार, गाडीच्या कोणत्या बाजूला थांबणार, हे चित्रीकरणाआधीच ठरले होते.

आता आमच्याकडचा एक शॉट सांगतो; चित्रपटाचे नाव अर्थातच सांगता येणार नाही. नायिका हिरव्या क्रोमासमोर, म्हणजे नंतर दुसरे दृश्य बसवता यावे म्हणून मागे लावलेल्या हिरव्या कापडासमोर उभी आहे, पंख्याच्या वाऱ्याने केस उडत आहेत, चेहऱ्यावर डावीकडून तिरपा, पिवळसर प्रकाश आहे, कारण पटकथेत ती संध्याकाळ होती. शॉट चार सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबाने ९६ चौकटी (फ्रेम). क्रोमाच्या कापडाला सुरकुत्या होत्या आणि ते अभिनेत्रीच्या इतके जवळ ताणले होते की त्याचा हिरवा प्रकाश तिच्या गालावर आणि केसांच्या टोकांवर उतरला होता. तो काढायचा म्हणजे केसांची टोकेही खाल्ली जातात. मग ती पुन्हा रंगवून बसवावी लागतात. हे सगळे करून शॉट मंजूर झाला, आणि त्यानंतर संकलनात प्रसंगांचा क्रम बदलला व संध्याकाळची भरदुपार झाली. मागचे आभाळ आम्ही एका दुपारी बदलले. चेहऱ्यावरचा पिवळेपणा कमी केला. पण नाकाची सावली उजव्या गालावर आडवी पडली होती, ती कुठे नेणार? डोक्यावर सूर्य असताना ती ओठांकडे उतरायला हवी. चेहऱ्यावर नवी सावली रंगवता येते, परंतु ती प्रत्येक हालचालीबरोबर गालाच्या वळणावरून सरकली पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे दिवस वेळापत्रकात शिल्लक नव्हते. प्रेक्षकाला चित्रपटगृहात ‘नाकाची सावली चुकली आहे’ असे कळत नाही. त्याला एवढेच जाणवते की ही बाई तिथे उभी नाही.

आपण डेव्ही जोन्सचे नाव घेतले, तेही याच मुद्द्यावर येते. बिल नाय हे अभिनेते करड्या पोशाखात, चेहऱ्यावर खुणा लावून, इतर नटांबरोबर प्रत्यक्ष सेटवर आणि प्रत्यक्ष उन्हात उभे राहिले होते. त्यांच्या शरीरावर पडलेला प्रकाश कॅमेऱ्यात नोंदला गेला, आणि पुढे त्याच प्रकाशात डेव्ही जोन्स बसवला गेला. ओल्या कातडीचा खरेपणा निम्मा तिथेच ठरला होता.

प्रकाशाची ही नोंद आजही करता येते. शॉट झाला की आमचा माणूस एक राखाडी चेंडू आणि एक चकचकीत क्रोमचा चेंडू कॅमेऱ्यासमोर धरतो. राखाडी चेंडूवर प्रकाश किती मऊ आहे आणि कुठल्या बाजूने येतो ते कळते; क्रोमच्या चेंडूत आख्ख्या सेटवरचे दिवे दिसतात. त्यानंतर त्याच जागेवरून चहूबाजूंची, कमी-जास्त प्रकाशातली छायाचित्रे घ्यायची. दोन मिनिटांचे काम आहे. पण युनिटला पुढच्या सेटअपची घाई असते, सहायक दिग्दर्शक शिट्टी मारत असतो, दिवे हलवायला सुरुवात झालेली असते, आणि आमचा माणूस चेंडू हातात घेऊन ‘एक मिनिट, साहेब’ म्हणत मागे मागे सरकतो. पुढे सहा महिन्यांनी ज्याला तो शॉट मिळतो, त्याला दिवे कुठे होते हे नटाच्या डोळ्यांतल्या चमकीवरून ओळखावे लागते.

स्वस्तातल्या कामाबद्दल वेगळे लिहितो, आता शिफ्टची वेळ झाली.

लाइटमन

कॉम्पवाला यांनी सेटवरच्या घाईविषयी लिहिले ते अगदी खरे आहे, आणि घाई करणाऱ्यांत आम्हीही असतो, हे मान्य करायला हवे. फिल्मसिटीत माझी उमेदीची वर्षे गेली. त्या अनुभवावरून दुसरी बाजू मांडतो.

मागे काय येणार हे ठाऊक नसले की छायाचित्रकारापुढे एकच सुरक्षित मार्ग उरतो. तो वरून मोठा मऊ प्रकाश सोडतो, सगळीकडे सारखा, सावली जवळजवळ नाहीच. असा प्रकाश कुठल्याही आभाळाखाली चालून जातो, म्हणजेच कुठल्याही आभाळाखाली बरा दिसत नाही. आपण ज्या राखाडी-जांभळ्या लढायांविषयी लिहिले आहे, त्यांचा सपाटपणा बहुतेक वेळा संगणकातून येत नाही. तो आमच्या स्काय पॅनलमधून, म्हणजे मऊ प्रकाशाच्या त्या सपाट दिव्यांतून येतो.

यावर उपाय करणारेही आहेत. २०२१ सालच्या ‘ड्यून’च्या चमूने वाळवंटातल्या दृश्यांसाठी हिरवे-निळे कापड वापरण्याऐवजी वाळूच्या रंगाचे पडदे लावले. पडद्यावरून उडणारा प्रकाश वाळूवरून उडणाऱ्या प्रकाशासारखाच तांबूस असल्यामुळे नटांच्या चेहऱ्यांवर परका रंग आला नाही. कापून काढणे त्यामुळे अवघड झाले असणार, पण जे हाती आले ते मुळात खऱ्याच्या जवळ होते. ‘इंटरस्टेलर’मध्ये यानाच्या खिडक्यांबाहेर प्रचंड पडदे उभारून त्यांवर अवकाशाची चित्रे प्रक्षेपित केली होती, त्यामुळे नटांना समोर काय आहे ते दिसत होते आणि तोच प्रकाश त्यांच्यावर पडत होता. दोन्ही ठिकाणी मागचे दृश्य चित्रीकरणाच्या दिवशी तयार असावे लागते, किंवा निदान ते काय असेल हे पक्के ठाऊक असावे लागते.

‘द मँडलोरियन’ या मालिकेपासून, म्हणजे २०१९ पासून, एलईडीच्या भिंतींचा बोलबाला झाला. भिंतीवर डोंगर दिसतो, कॅमेरा हलला की डोंगराचा कोन बदलतो, चिलखतावर त्याचे प्रतिबिंबही पडते. तंत्र उत्तम आहे. मात्र भर दुपारच्या उन्हाची धार त्या भिंतीतून येत नाही, तिच्यापुढे जागा मर्यादित असते, आणि सगळ्यांनाच त्या अर्धगोलाच्या मध्यभागी उभे करावे लागते. म्हणून वेगवेगळ्या ग्रहांवरचे प्रसंगही एकाच हॉलमध्ये घडल्यासारखे वाटू लागतात.

अवांतर: १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’तला नायक फक्त लाल प्रकाशात दिसतो. पीटर परेरा यांनी त्या चित्रपटातली सगळी करामत संगणकाशिवाय केली. लाल दिवा कुठल्या क्षणी लागणार, हे पटकथेतच लिहिलेले होते, आणि म्हणून ते दृश्य आजही चालते.

भौतिकीच्या बाई

मी चित्रपटक्षेत्रातली नाही. रुईया परिसरातल्या एका शिकवणीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. प्रकाशाविषयी वरच्या दोघांनी लिहिलेच आहे. मला वजनाविषयी लिहायचे आहे, कारण ‘व्हिडिओ गेमसारखे वाटते’ या तक्रारीचा मोठा भाग तिथे आहे असे मला वाटते.

उंचावरून पडणाऱ्या वस्तूला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. माणसाच्या पंचवीसपट उंचीचा, म्हणजे साधारण चौदा मजली इमारतीएवढा राक्षस घेतला, तर त्याचा उचललेला पाय खाली यायला माणसाच्या पाचपट वेळ लागला पाहिजे. तो माणसाच्या चपळाईने धावू लागला की आपला मेंदू, एकही सूत्र न मांडता, त्याचा आकार लहान करून टाकतो. मग पडद्यावर इमारती कितीही कोसळोत, आपल्याला रबरी पोशाखातला माणूस खेळण्यातल्या शहरात नाचतो आहे असेच वाटत राहते.

प्रतिकृती वापरणाऱ्या जुन्या तंत्रज्ञांना हे सूत्र तोंडपाठ असे. पंचवीसपट लहान मनोऱ्याचा स्फोट चित्रित करायचा असेल, तर सेकंदाला २४ऐवजी १२० चौकटी घ्यायच्या आणि त्या नेहमीच्या गतीने दाखवायच्या, की मनोरा आपल्या खऱ्या उंचीला शोभेल इतका सावकाश कोसळतो. पाण्याने मात्र त्यांना नेहमी दगा दिला. थेंबाचा आकार पृष्ठताणाने ठरतो आणि पृष्ठताण प्रतिकृतीबरोबर लहान होत नाही, त्यामुळे टाकीत बुडणाऱ्या छोट्या जहाजावर नारळाएवढे थेंब उडताना दिसतात. या एका बाबतीत आजचे संगणक जुन्यांच्या फार पुढे आहेत, हे नोंदवले पाहिजे.

म्हणजे संगणकाला भौतिकशास्त्र येत नाही असे नव्हे. त्याला येते, दिग्दर्शकाला नको असते. प्रसंग संथ वाटतो, प्रेक्षक कंटाळेल, म्हणून राक्षसाचा वेग वाढवला जातो. कॅमेऱ्याचेही तेच. खऱ्या क्रेनला वजन असते, ती सुरू व्हायला आणि थांबायला वेळ घेते, भिंतीतून आरपार जात नाही. संगणकातला कॅमेरा ड्रॅगनच्या पंखाखालून निघून सैनिकाच्या डोळ्यात शिरतो. तिथे कोणी छायाचित्रकार उभा राहू शकत नाही हे आपल्याला आतून ठाऊक असते, आणि पात्र निर्दोष असूनही दृश्य खोटे ठरते.

चौकट

सगळे वाचले. उत्तम माहिती आहे, तरीही मूळ गृहीतकावर माझा आक्षेप आहे. आपण जुन्यातले सर्वोत्तम आणि नव्यातले सर्वसाधारण यांची तुलना करत आहोत. ‘द ममी रिटर्न्स’ हा २००१ सालचा चित्रपट. त्याच्या शेवटी येणारा विंचवाच्या धडाचा राजा आठवून पाहा. आजची कुठलीही मालिका त्याहून बरे काम करते. तो आपण विसरलो आणि टी-रेक्स लक्षात ठेवला.

दुसरे असे की आजचे चांगले काम आपल्याला दिसतच नाही. ‘टॉप गन : मॅव्हरिक’ची जाहिरात खऱ्या विमानांच्या जोरावर झाली, नट खरोखरच विमानांत बसले, आणि तरीही त्या चित्रपटात व्हीएफएक्सचे २,४००च्या आसपास शॉट आहेत. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’लाही लोक संगणकमुक्त समजतात, तिथेही आकडा दोन हजारांच्या घरात आहे. जिथे फसले तिथे आपण ‘व्हीएफएक्स वाईट’ म्हणतो, जिथे साधले तिथे ‘हे तर खरे आहे’ म्हणतो. अशा हिशेबात व्हीएफएक्स कधीच जिंकणार नाही.

आणि घरी पाहत असाल तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गती गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनीने तिला वेगळे नाव दिले आहे. २४ चौकटींच्या चित्रपटात ती मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालते, त्यामुळे अब्जावधींचा चित्रपटही दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

मागची रांग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौकट यांचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. विसरलेल्या वाईटाचा मुद्दा बरोबर आहे. परंतु माझी तुलना सर्वसाधारण चित्रपटांशी नव्हती. ज्यांच्याकडे जगातला सर्वाधिक पैसा आहे, त्यांच्याच चित्रपटांविषयी मी विचारले होते. पैसा असूनही वेळ का नसतो, हे कॉम्पवाला यांनी अजून सांगितलेले नाही. आणि मुंबईचा प्रश्न राहिलाच.

कॉम्पवाला

वेळ नसतो, कारण प्रदर्शनाची तारीख पटकथेच्याही आधी ठरलेली असते. त्या तारखेवर चित्रपटगृहे, जाहिराती, पुढचा चित्रपट सगळे अवलंबून असते. म्हणून मागे झालेला प्रत्येक उशीर शेवटच्या विभागाच्या वेळेतून वजा होतो, आणि शेवटचा विभाग आम्ही. बाईंनी लिहिलेल्या राक्षसाचा वेग ‘अजून थोडा वाढवा’ अशी सूचनाही याच टप्प्यावर येते.

पैशाचा प्रकार असा आहे. स्टुडिओ बहुधा ठरावीक रकमेची बिड (बोली) भरून काम घेतात. शॉट किती, त्यांत काय आहे, यावर रक्कम ठरते. पुढे क्लायंटने पात्राचा पोशाख बदलला, संकलन बदलले, आभाळ बदलले, तर त्या वाढीव कामाचे पैसे मागण्याची सोय कागदावर असते. पण पुढचा चित्रपट हवा असलेला स्टुडिओ ती किती वापरेल? एकाच शॉटच्या व्हर्जनचा (सुधारित आवृत्त्यांचा) आकडा दोन अंकी कधी झाला हे आम्हाला कळत नाही, आणि भार्गव असो वा ब्रायन, रात्रीची शिफ्ट सगळीकडे सारखीच होते. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या स्टुडिओने फेब्रुवारी २०१३मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याच वाघासाठी ऑस्कर मिळाले. व्यासपीठावर त्यांचे पर्यवेक्षक बिल वेस्टनहोफर कंपनीच्या अडचणीविषयी बोलू लागले, तर वाद्यवृंद सुरू करून त्यांना थांबवण्यात आले. त्या कंपनीच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादेतही होत्या. फेब्रुवारी २०२५मध्ये व्हीएफएक्समधला मोठा टेक्निकलर समूह कोसळला, तेव्हा बंगळूरच्या मंडळींनी हाच अनुभव घेतला. दुसरीकडे, सप्टेंबर २०२३मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने कामगार संघटनेच्या बाजूने कौल दिला. वेळापत्रकाचा जाच हा त्यांच्या तक्रारींतला प्रमुख मुद्दा होता.

एकच मोठा चित्रपट अनेक स्टुडिओंमध्ये वाटला जातो, हेही लक्षात घ्या. लढाईचा पहिला भाग लंडनला, दुसरा व्हँकुव्हरला, रोटो (चौकटीमागून चौकट आकृती कापून काढणे) आणि पेंट (नको ते पुसून रंगवणे) आपल्याकडे. सर्वांनी एकाच संदर्भावर काम करावे अशी अपेक्षा असते, पण तो संदर्भच रोज बदलत असेल तर दोन सलग शॉटमध्ये एकाच राक्षसाची कातडी वेगळी दिसते.

आता ‘स्वस्तातले काम’. मुंबईकडे काम येण्याचे एक कारण मजुरी कमी आहे हे आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्या ‘ड्यून’चे कौतुक लाइटमन यांनी केले, त्याचे बहुतांश व्हीएफएक्स डीनेगचे आहेत. लंडनची ती कंपनी २०१४ साली मुंबईच्या प्राइम फोकसमध्ये विलीन झाली आणि तिचा मोठा कर्मचारीवर्ग भारतात आहे. तेच लोक एका चित्रपटावर ऑस्करच्या दर्जाचे काम करतात आणि दुसऱ्यावर टीकेचे धनी होतात, तेव्हा फरक त्यांच्या बोटांत शोधू नये. दोन्ही वेळा ते सकाळी त्याच लोकलने गोरेगावला उतरलेले असतात.

आपल्याकडच्या चित्रपटांपुरते बोलायचे तर ‘आदिपुरुष’चे उदाहरण सर्वांना माहीत आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये टीझर आला, टीका झाली, आणि प्रदर्शन जानेवारी २०२३वरून जूनमध्ये गेले. अधिकचे पाच महिने मिळूनही टीका थांबली नाही. पात्रे दिसणार कशी, हालणार कशी, प्रकाश कुठला, हे पाया घालतानाचे निर्णय असतात; ते शेवटच्या पाच महिन्यांत डागडुजी करून बदलत नाहीत, असे माझे मत आहे.

याच्या नेमके उलट ‘गॉडझिला मायनस वन’. मार्च २०२४मध्ये त्याला व्हीएफएक्सचे ऑस्कर मिळाले. सुमारे ६१० शॉट आणि पस्तीस कलाकार. हॉलिवूडच्या मानाने त्यांचा एकूण खर्च किरकोळ होता. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्स पर्यवेक्षक होते. त्यामुळे शॉट दाखवायला आठवड्याची बैठक नको, तीन देशांतल्या सात जणांची मंजुरी नको. कलाकाराच्या खुर्चीमागे उभे राहून ‘हे चालेल, हे नको’ म्हणायचे आणि पुढे जायचे. आमच्याकडे त्या ‘चालेल’साठी जितके दिवस जातात, तितक्यात त्यांचे दोन शॉट पुरे झाले असतील.

भौतिकीच्या बाई

यावरून दादासाहेब फाळके आठवले. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करत. फाळके उलटे केले की केळफा. १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्या काळी चमत्कार कॅमेऱ्यातच घडवावा लागे. तीच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर दुसऱ्यांदा चित्रण करायचे, तर पहिल्या वेळी पात्र नेमके कुठे उभे होते हे ठरलेलेच असावे लागणार. जादूगार, दिग्दर्शक आणि व्हीएफएक्स पर्यवेक्षक एकच माणूस असण्याची परंपरा आपल्याकडे जपानहून जुनी आहे, एवढेच नोंदवते.

शिकाऊच्या मावशी

धाग्याशी संबंधित म्हणून विचारते. माझ्या भाच्याने अंधेरीच्या एका संस्थेत व्हीएफएक्सच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. रोटो हे काम आता एआय करणार, असे सगळे म्हणतात. तसे झाले तर कलाकारांचा वेळ वाचून दर्जा सुधारेल का? आणि मुलाने काय शिकावे?

कॉम्पवाला

मावशी, रोटोमधला सरळ भाग, म्हणजे स्वच्छ पार्श्वभूमीवर चालणारा माणूस कापून काढणे, यंत्र आताच बऱ्यापैकी करते. उडणारे केस, गतीमुळे पुसट झालेली बोटे, धुरातला हात इथे ते अजून गडबडते आणि शेवटी हातानेच नीट करावे लागते. वेळ वाचेल यात शंका नाही. तो वाचलेला वेळ शॉटच्या वाट्याला येईल, याची मात्र मला खात्री नाही. आजवर प्रत्येक नव्या साधनाने वेळ वाचवला, आणि प्रत्येक वेळी त्या बदल्यात शॉटची संख्या वाढली. ‘पोस्टमध्ये बघू’ म्हणणाऱ्याला आणखी एक निमित्त मिळेल, अशीच शक्यता मला अधिक दिसते.

भाच्याने रोटो जरूर शिकावे, कारण चौकटीमागून चौकट पाहण्याची सवय त्यातूनच लागते. त्याच्या जोडीला स्थिरचित्रण शिकावे आणि निदान काही दिवस लाइटमन यांच्यासारख्यांच्या हाताखाली सेटवर उभे राहावे. संस्थेत सॉफ्टवेअर शिकवतात, पण प्रकाश कसा पडतो हे तिथे क्वचितच शिकवले जाते. फीबद्दल बोलायचे तर नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा आणि आधीच्या तुकडीतली मुले कुठे काम करतात ते प्रत्यक्ष विचारा. शोरीलमध्ये, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुनाफितीत, शॉट तीनच असले तरी चालतील, मात्र प्रत्येक शॉटच्या शेजारी त्याची मूळ प्लेट दाखवायला सांगा, कारण आम्ही आधी तीच पाहतो.